अक्काचं बिनतेलाचं हम्मस

माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, धुळ्यात जवळजवळ तीस वर्षं शेव तळली. गल्लीच्या तोंडाशी तिचं छोटं दुकान, पुढेच भट्टी आणि भट्टीवर भलीमोठी कढई. कढईवर झारा आडवा धरायचा, त्यावर भिजवलेल्या बेसनाचा गोळा ठेवून तळहाताने घासायचा, की खाली तेलात जाड शेव पडत जाते. शेवभाजीत टाकतात ती हीच. तेल किती तापलंय हे अक्काला वाकून बघावं लागत नसे. गिऱ्हाईकाला पुडी बांधून देताना, कढईकडे पाठ असली तरी आवाजावरून तिला कळायचं आणि ती म्हणायची, "आच कमी कर, तेल चढलं."

मी तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि अक्काचं नुकतंच लग्न झालेलं. तिने मला गावाहून धुळ्याला, स्वतःच्या सासरी आणलं. दाजींनी एका शब्दाने कधी विचारलं नाही की ही किती दिवस राहणार. मी तिथेच वाढले, शिकले, शिक्षिका झाले आणि लग्न होऊन जळगावला आले. आता आमचं घर पिंप्राळ्यात आहे आणि मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दाजी जाऊन काही वर्षं झाली. अक्काचा मुलगा सुरतेला नोकरीला असतो. ती मात्र धुळं सोडायला तयार नव्हती. दुकान होतं, आणि दुकानात पंधरा वर्षं तिच्या जोडीने काम करणारी गल्लीतलीच एक वहिनी होती.

अक्का माझ्याशी अहिराणीतच बोलते. इथे लिहिताना तिचं बोलणं मी बरंचसं साध्या मराठीत घेतलं आहे, पण काही वाक्यं तिच्याच बोलीत आठवतात, ती तशीच ठेवते.

त्या वर्षी दिवाळीपासून तिचा डावा हात दुखत होता. ती डावखुरी असल्यामुळे झाऱ्यावर पीठ घासायचा हात तोच. म्हणून तिने, वहिनीने आणि फोनवरून मीसुद्धा, हात दमला असेल असंच धरलं. ती मलम लावायची आणि पुन्हा बसायची. संक्रांतीनंतर एका सकाळी पिठाचं घमेलं उचलताना तिला दरदरून घाम फुटला आणि ती तिथेच भिंतीला टेकून बसली. वहिनीने शेजाऱ्याची रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. दोन दिवसांनी आम्ही तिला जळगावला आणलं. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा होता. स्टेंट बसवला.

घरी सोडताना डॉक्टर तिच्याशी नीट बोलले. औषधं, चालणं, विश्रांती असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "ताई, भट्टीसमोर बसणं आता बंद. आणि खाण्यातलं वरचं तेल निदान तीन महिने पूर्ण बंद ठेवा. पुढे किती घ्यायचं ते तपासण्या बघून ठरवू."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "बठ्ठं बंद? सगळंच?" तिने विचारलं.

"बठ्ठं," डॉक्टर म्हणाले. तेही आमच्याच भागातले असावेत.

आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला होता. त्यावर काय खावं, काय टाळावं हे छापलेलं होतं. ज्वारीची भाकरी, मोड आलेली कडधान्यं, उकडलेल्या भाज्या, ताक. तळाशी हाताने लिहिलेलं होतं, हम्मस, तेल न घालता. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काबुली चणे शिजवून वाटायचे, त्यात थोडे तीळ, लिंबू, लसूण. एरवी वरून ऑलिव्हचं तेल घालतात, यांना नको. भाकरीबरोबर चांगलं लागतं. तीळ दोनच चमचे हं." अक्काला तो शब्द नीट ऐकू आला नाही. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "ती बाई हौस का काय म्हणे, ते काय शे?" त्यानंतर आमच्या घरात त्या पदार्थाचं नाव हौसच पडलं.

पहिले दोन आठवडे मला वाटत होतं की पथ्य म्हणजे आठवणीने करायचं काम. मी सकाळी शाळेत जायच्या आधी दुधीची भाजी वाफवून ठेवत असे, दुपारी मूग, संध्याकाळी गाजराचं सूप. अक्का प्रत्येक वेळी ताटावर बसायची, अर्धी भाकरी दुधात कुस्करून खायची आणि बाकीचं मागे सारायची. "माले भूक नही." एवढंच. तक्रार एक नाही. तिने तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं. ती वाळत चालली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. फिरायला जाऊ म्हटलं तर गॅलरीतल्या खुर्चीवरून उठायची नाही. शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की आत निघून यायची आणि दार लावून घ्यायची.

माझ्या नवऱ्याने एकदा तिला विचारलं, "अक्का, काय खावंसं वाटतं ते तरी सांगा."

ती म्हणाली, "खावंसं वाटायची भीती वाटते."

त्याने तिच्या वाटीत आणखी थोडं दूध ओतलं.

त्या रविवारी मी पहिल्यांदा हम्मस केलं. घरात डब्यात काबुली चणे होते, कधीचे होते देव जाणे. रात्री भिजवले, सकाळी कुकरच्या चार शिट्ट्या घेतल्या आणि मिक्सरला लावले. मिक्सर दोनदा घरघरला आणि बंद पडला. पाणी घातलं तेव्हा फिरला, पण जे तयार झालं ते ना चटणी ना पिठलं. खाली रवाळ गाळ, वर पाणी. त्यात लसूण कच्ची आणि जास्त. मी ते वाटीत काढून कोथिंबीर टाकली आणि अक्कासमोर ठेवलं.

"हाई काय शे?"

"तुझी हौस."

तिने भाकरीच्या तुकड्यावर घेऊन दोन घास खाल्ले. शेव बिघडली की ती जसं तोंड करते तसं न करता, अगदी सांभाळून म्हणाली, "चणे कच्चे राहिले बेटा." आणि उरलेली भाकरी दुधात कुस्करली.

दुसऱ्या वेळी मी फोनवर कुठेतरी वाचलं की चणे मऊ व्हायला खाण्याचा सोडा घालतात. विज्ञानाची शिक्षिका असूनही प्रमाण न बघता चांगला मोठा चमचा घातला. चणे मऊ झाले, पण सगळ्या वाटणाला साबणासारखी चव आली. ते मी अक्काला दाखवलंच नाही, सरळ टाकून दिलं.

पुढचा प्रसंग लिहायला मला अजून जड जातं. मार्चच्या सुरुवातीला शाळा लवकर सुटली आणि मी दुपारी घरी आले. माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. अक्का आतल्या खोलीत पलंगावर बसलेली, मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात तिची स्वतःची शेव. धुळ्याहून सामान आणलं तेव्हा कपड्यांत गुंडाळून आणला असणार. डबा तिने दोन्ही हातांनी चेहऱ्याजवळ धरला होता.

मला एकदम संताप आला. इतक्या दिवसांची दगदग, भीती, रात्री उठून तिचा श्वास बघणं, सगळं एका वेळी वर आलं. मी म्हणाले, "हेच करायचं होतं तर मग ते सगळं कशाला केलं? दवाखान्यात कशाला आणलं तुला? मी सकाळी पाचला उठून तुझ्यासाठी उकडत बसते आणि तू..."

अक्काने डबा खाली ठेवला. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"खादी नही. नुस्ता वास लिधा."

मी डब्यात पाहिलं. डबा काठोकाठ भरलेला होता. वरच्या थरातली शेव जशी भरली तशीच, एक काडी मोडलेली नव्हती.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी. मला माफी मागता येईना. लहानपणी मी काही चुकले की अक्काच आधी बोलायला यायची, आणि त्या दिवशीही तीच आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पथ्याचे दिवस सुरू झाल्यापासून ती स्वयंपाकघराच्या आत आली नव्हती. तुझं घर, तुझा ओटा, असं म्हणून बाहेरच थांबायची.

"तुला वाटत असेल मला तळलेलं खायची हाव सुटली," ती म्हणाली. "तसं नाही. मी शेव फार खातच नाही, तीस वर्षं वासानेच पोट भरतं. पण सकाळी उठल्यावर हाताला काय करायचं ते कळत नाही. डॉक्टरने सांगितलं भट्टीसमोर बसू नका. बरं. मग कशासमोर बसू?"

मी भांडं खाली ठेवलं. "मी खूप बोलले."

"बोललीस ते चांगलं झालं. सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलतात तसं बोलत होते." मग तिने ओट्याकडे पाहिलं. "ते तुझे चणे कुठे आहेत? आण बघू."

मी डबा दिला. तिने मूठभर चणे तळहातावर घेतले, खिडकीपाशी नेऊन बघितले, एक दाताखाली धरून तोडला. तीस वर्षं हरभऱ्याची डाळ निवडून पीठ दळून आणणारी बाई ती. "हे जुने आहेत, दोन वर्षांचे तरी. हे शिजणारच नाहीत, तू दहा शिट्ट्या घे. बाजारात नवा माल आला असेल. चल."

"आता? या उन्हात?"

"मग केव्हा?"

दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदा आपणहून घराबाहेर पडत होती. मी चप्पल घालायच्या आत तिने डोक्यावर पदर घेतला होता. आम्ही रिक्षाने बाजारात गेलो. धान्याच्या पहिल्या दोन दुकानांत तिने माल हातात घेतला आणि परत ठेवला. तिसऱ्या दुकानदाराला तिने विचारलं, "भाऊ, डॉलर हरभरा या हंगामाचा आहे का?" टपोऱ्या काबुली हरभऱ्याला आमच्याकडे बाजारात डॉलरच म्हणतात. दुकानदाराने मागची गोणी उघडली. अक्काने दाणा चावला, दुसरा नखाने दाबून पाहिला आणि म्हणाली, "हा चालेल." तीळही तिनेच घेतले, पांढरे, न पॉलिश केलेले. येताना रिक्षात तिला दम लागलेला होता, पण ती रस्ता बघत होती.

संध्याकाळी चणे भिजवताना मी तिला सोड्याची गोष्ट सांगून टाकली. साबणाचं हम्मस ऐकून ती हसली. किती दिवसांनी हसली. "सोडा दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढाच," ती म्हणाली. "पिठातही आम्ही तेवढाच घालतो. आणि भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, त्यात शिजवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिने चणे तीनदा धुतले, पुन्हा चिमूटभर सोडा घातला आणि कुकरला लावले. सहा शिट्ट्या, मग मंद आचेवर अजून अर्धा तास. एक चणा काढून तिने जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबला. "दात लावायची गरज पडली तर अजून शिजवायचे," ती म्हणाली. मग तिने ते शिजवलेलं पाणी ओतून टाकलं, चणे गार पाण्याच्या पातेल्यात घातले आणि दोन्ही हातांनी हलकेच चोळायला लागली. सालं सुटून वर तरंगायला लागली. पाणी तिरपं करून सालं ओतायची, पुन्हा पाणी घ्यायचं. तरी बरीच सालं चिकटून राहिली होती. ती आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, मधे परात ठेवून, एकेक चणा चिमटीत धरून काढली. चणा दाबला की आतला दाणा गुळगुळीत निसटून परातीत पडतो.

हे काम वेळ खाणारं आहे. हात चालतात आणि तोंड मोकळं असतं. अक्का हळूहळू बोलायला लागली. दाजींची नोकरी गेली आणि तिने शेव तळायला घेतली, त्या वर्षाबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी तेव्हा तिसरीत असेन. मला आठवतं ते इतकंच की घरात एकाएकी खूप शेव आली. मी शाळेतून आले की अक्का वाटीभर शेवेचा चुरा द्यायची, वर कांदा आणि लिंबू. माझ्या वर्गातल्या मुलींना रोज असं काही मिळत नसे. मी फुशारकी मारायचे.

ते मी तिला सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"तुला माहीत नाही? ती सगळी बिघडलेली शेव होती."

"म्हणजे?"

"मला कुठे येत होतं तेव्हा. कधी पीठ सैल व्हायचं, कधी तेल थंड. शेव झाऱ्यातून पडायची ती तुकडे तुकडे होऊन. पहिला महिना सगळा चुराच झाला. विकणार कोणाला? मग तुला द्यायचे, दाजी खायचे, मी खायचे. तू एवढ्या आवडीने खायचीस की मला वाटायचं, चला, आजचा दिवस वाया नाही गेला. उद्या पुन्हा बसू."

माझ्या लहानपणीची सगळ्यात लाडकी चव म्हणजे अक्काच्या फसलेल्या घाण्यांची चव होती, हे मला अडतिसाव्या वर्षी कळत होतं. आणि तेव्हा ती विशीतली होती, पदरात एक लहान बहीण, आणि रोज सकाळी पुन्हा पीठ भिजवत होती. मी दोन वेळा हम्मस बिघडलं म्हणून हात झटकून मोकळी झाले होते.

परात भरली तेव्हा अक्काने चणे पुन्हा थोड्या पाण्यात गरम करून घेतले. "गार चणे नीट वाटले जात नाहीत," ती म्हणाली, "पुरण आपण गरमच वाटतो ना." तीळ तिने सकाळीच न भाजता, नुसते कोमट करून पाण्यात भिजवले होते. ते आधी एकटेच वाटले, दोन चमचे पाणी घालून, दाट दुधासारखे होईपर्यंत. लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून लिंबाच्या रसात बुडवून ठेवल्या. हे मी फोनवर वाचलं होतं, लसणाचा उग्रपणा लिंबात मरतो म्हणून. अक्काला ते पटलं. पण पुढची गोष्ट पटेना. तिथे लिहिलं होतं की वाटताना बर्फाचं पाणी चमचा चमचा घालायचं.

"गरम चण्यात बर्फ?"

"तेलाच्या ऐवजी. तीळ आणि चणे मिळून ते पाणी धरून ठेवतात, त्यामुळे फुलतं म्हणे."

"तू शाळेत हेच शिकवतेस?"

"हे नाही शिकवलं कधी."

"बघू मग," ती म्हणाली आणि फ्रीजमधून बर्फाचा ट्रे स्वतःच काढला.

चणे आधी कोरडेच फिरवले. मिक्सर थांबवून कडेचं खाली ओढलं, पुन्हा फिरवलं. मग तिळाचं वाटण, लिंबू, मीठ अगदी जपून. एवढ्यापर्यंत ते घट्ट पुरणासारखं होतं. मग अक्काने एक चमचा बर्फाचं पाणी घातलं, फिरवलं. दुसरा घातला. चौथ्या चमच्याला मिक्सरचा आवाज बदलला. आधी तो खरखर करत होता, आता एकसारखा, मऊ झाला. अक्काने मान तिरपी केली आणि बोट वर केलं, थांब म्हणून. झाकण काढलं तर आतलं वाटण पांढरं पडलं होतं, फुललं होतं आणि त्याला चकाकी आली होती. चमचा फिरवला की मागे वळी उमटत होती आणि तशीच राहत होती. तेलाचा थेंब नव्हता.

तिने बोटाने चाखलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने दुसऱ्यांदा चाखलं, मग म्हणाली, "मीठ हवं होतं. पण राहू दे, जिऱ्याने भरून निघेल."

तिने तव्यावर जिरं आणि एक सुकी मिरची कोरडीच भाजून कुटली. ताटलीत ते वाटण पसरून चमच्याच्या पाठीने मधे खळगा केला. त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे उघडं दिसतं. वर लाल पाहिजे." खानदेशात भाजीवर लाल तर्री नसली तर जेवायला बोलावलेला माणूस आधी ताटाकडे आणि मग आपल्याकडे बघतो. अक्काने चणे शेवटी गरम केले होते ते पाणी वाटीत घेतलं, त्यात लाल तिखट आणि थोडं लिंबू कालवलं आणि ते लालभडक पाणी त्या खळग्यात ओतलं. लांबून बघणाऱ्याला ती तर्रीच वाटली असती.

आम्ही तिघं जेवायला बसलो. माझ्या नवऱ्याने पहिला घास घेतला आणि मला विचारलं, "यात लोणी घातलंस का?" अक्का त्या दिवशी दीड भाकरी जेवली. शेवटचा तुकडा ताटलीच्या कडेने फिरवून पुसून खाल्ला. मग ताट उचलून स्वतः मोरीत नेलं. मी तिला अडवलं नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. एप्रिलमध्ये जळगावचं ऊन असं होतं की दुपारी ओट्यापाशी उभं राहवत नसे. एकदा घाईत सालं तशीच ठेवली आणि हम्मस पुन्हा रवाळ झालं. एकदा तिला मध्येच छातीत कसंतरी झालं आणि आम्ही घाबरून दवाखान्यात पळालो. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, काही नाही, पित्त आहे. त्याच संध्याकाळी तिने चणे भिजवले. उन्हाळ्यात ते गार हम्मस काकडीबरोबर बरं वाटायचं. मग तिने वांगं भाजून, सोलून, ठेचून त्यात कालवलं, वर कांद्याची पात आणि हिरव्या मिरच्या भाजून. ते भरीत नव्हतं, असं तिनेच आधी सांगितलं. "भरीत म्हणू नको. भरिताला तेल लागतंच. हे वेगळं काहीतरी आहे आणि आते बेस लागस."

रोज सकाळी ती आता माझ्याबरोबर शाळेच्या वळणापर्यंत चालत यायची आणि एकटी परत जायची. बांगड्या पुन्हा मनगटाशी आल्या.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. डॉक्टरांनी अहवाल बघितले, वजन बघितलं आणि दिवसाला दोन चमचे तेल चालेल असं सांगितलं. अक्का म्हणाली, "सध्या नको. लागेल तेव्हा घेईन." डॉक्टरांना वाटलं ती घाबरते आहे. मला माहीत होतं की ती घाबरत नव्हती.

जूनमध्ये ती धुळ्याला परत गेली. मी तिला राहायचा आग्रह केला, तिच्या मुलानेही सुरतेला ये म्हटलं. तिने दोघांनाही नाही म्हटलं. भट्टीसमोर आता वहिनी बसते आणि अक्का दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, वाऱ्यात. वहिनीला शेव चांगली येते, फक्त आच राखायला अजून शिकायची आहे. अक्का तिला तिथून सांगत राहते.

नवरात्राच्या आधी एका शनिवारी मी न कळवता धुळ्याला गेले. दुकानात वहिनी एकटीच होती. "अक्का घरी आहे," ती म्हणाली, "शनिवारी दुपारी तिची शाळा असते." मला वाटलं ती थट्टा करते आहे. घरी गेले तर ओसरीत चटई अंथरलेली आणि तिच्यावर पाच बाया गोल बसून चण्यांची सालं काढत होत्या. एकीच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरीला स्वतःला साखरेचा आणि रक्तदाबाचा त्रास, तिसरी नुसतीच बघायला आली होती म्हणाली आणि तीच सगळ्यांत जोरात बोलत होती. अक्का खुर्चीवर बसून त्यांच्यावर नजर ठेवून होती.

"साल राहिलं तुझ्या दाण्याला," तिने एकीला सांगितलं.

"एवढंसं तर आहे, अक्का."

"एवढंसं राहिलं की जिभेला कळतं. पुन्हा कर."

मला बघून ती उठली नाही. बाजूची चटईची जागा दाखवली आणि म्हणाली, "हात धुवून ये, अजून अर्धी परात बाकी आहे." मी पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले आणि त्या बायांच्या मधे जाऊन बसले. शेजारच्या बाईने माझ्यापुढे चणे सारले आणि विचारलं, मी पण पथ्यावर आहे का. मी म्हणाले, नाही, मी बहीण आहे. ती म्हणाली, "मग तुला येतच असेल." अक्का खुर्चीवरून म्हणाली, "तिला अजून शिकायचं आहे," आणि सगळ्या हसल्या.